‘तुम्हालाच’ आणि ‘ओन्ली’

चेकवर रक्कम अक्षरांत लिहून झाली की शेवटी ‘फक्त’ किंवा ‘ओन्ली’ लिहायचे, ही सवय व्यापारी घरातील मुलाला स्वतःची सही बसण्याआधीच लागते. रुपये पाच हजार फक्त. कायद्याची त्याला सक्ती नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे अठरावे कलम एवढेच सांगते की आकड्यांतील आणि अक्षरांतील रकमेत तफावत पडली, तर अक्षरी रक्कम खरी मानावी. ‘ओन्ली’ आला तो रिवाजाने. ‘पाच हजार’ या शब्दांपुढे कुणी ‘पाचशे’ जोडू नयेत म्हणून घातलेले ते कुंपण आहे. जुन्या हुंडीत हेच काम निराळ्या रीतीने होत असे. हजाराची हुंडी लिहिताना आकडा घालून शिवाय ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट हजार पुरे’ अशा अर्थाचा मजकूर घालत. आकड्यात कुणी ढवळाढवळ केलीच, तर निम्म्याचा हिशेब त्याला उघडा पाडी. आपला ‘फक्त’ अरबीतून आलेला, आणि उर्दू पत्रांतही सहीपूर्वी ‘फकत’ लिहून मजकूर संपल्याची खूण करण्याची रीत आहे. म्हणजे शब्द कुठलाही असो, काम एकच : इथपर्यंत, यापुढे नाही.

चेकवर हा शब्द चुकत नाही, कारण तिथे त्याची जागा ठरलेली आहे. चुकतो तो इतर वाक्यांत. सांगलीच्या एका हळदीच्या पेढीवर तो असा चुकला की त्या पेढीच्या वृद्ध मालकांना, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे आप्पा म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम्ही दिलेला शब्द पाळला नाही’ असे वाचावे लागले.

सांगलीची हळद काही नव्याने सांगायला नको. राजापुरीचे सौदे, हरिपूरची जमिनीखालची पेवे, २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक पेवांची झालेली वाताहत आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सारे बाजारातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आप्पांची पेढी अडतीची. परदेशी माल पाठवण्याचे काम त्यांच्या मुलाने सुरू केले आणि पत्रव्यवहाराचे काम दोन वर्षांपूर्वी नातीकडे आले. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, इंग्रजी माध्यमात शिकलेली. आप्पा मराठीत सांगत आणि ती संगणकावर इंग्रजीत उतरवी. सांगताना आप्पा डोळे मिटून घेत, जणू समोरचा माणूस गादीवर येऊन बसला आहे.

हंगामाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या मसाल्याच्या एका गिरणीच्या खरेदीदाराने राजापुरीच्या हळकुंडांचा नमुना पसंत केला. बँकेची कागदपत्रे यायला वेळ लागला आणि तेवढ्यात सौद्यात भाव चढला. दुसरा कुणी असता तर त्याने चढ्या भावात माल दुसरीकडे वळवला असता. आप्पांनी तसे केले नाही. त्या गृहस्थाला धीर द्यावा म्हणून त्यांनी नातीला सांगितले, “लिही त्यांना, काळजी करू नका. भाव काही होऊ दे, हा माल आम्ही तुम्हालाच देऊ.”

नातीने लिहिले : ‘वुई विल गिव्ह धिस क्वालिटी टू यू ओन्ली.’

माल गेला, पैसे आले, दोन्हीकडून आभाराची पत्रे झाली. पुढे तीन महिन्यांनी त्याच प्रतीचे दोन कंटेनर मुंबईच्या एका निर्यातदार व्यापाऱ्याने आप्पांकडून ठरवले. त्यातला पहिला बोटीवर चढला आणि योगायोगाने इंग्लंडमध्येच, दुसऱ्या एका गिरणीत उतरला. गोण्यांवर पेढीचा मार्क होताच.

त्यानंतर आलेले पत्र चार ओळींचे होते. त्यात राग नव्हता, हेच आप्पांना अधिक लागले. खरेदीदाराने लिहिले होते की ही प्रत या देशात आपल्याशिवाय कुणाला मिळणार नाही, असे तुमच्या पत्रावरून मी समजलो, माझ्या गिऱ्हाइकांनाही तसे सांगून बसलो, आणि आता मी त्यांच्यापुढे खोटा ठरलो आहे. खाली नातीचे ते जुने वाक्य उतरवून त्याने शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ ओढली होती.

त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकली, पण ओसरीवर नेहमीच्या गप्पा झाल्या नाहीत. मुलाचे म्हणणे सरळ होते. करारनामा झालेला नाही, सही नाही, मुदत नाही. ईमेलमधल्या एका शब्दावर कोण कोर्टात जातो? शिवाय आपल्याकडे सगळेच तसे बोलतात. ‘टुमारो ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’, ‘ही टोल्ड मी ओन्ली’. त्यात त्या परदेशी माणसाने एवढे काय धरून बसावे?

“कोर्टाचं कोण विचारतंय?” आप्पा म्हणाले. “कागदावर काय लिहिलंय ते मला सांगा.”

नात काही बोलली नाही. आत जाऊन तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले आणि तिला त्यात चूक सापडेना. ‘तुम्हाला’ म्हणजे ‘टू यू’. ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’. शाळेपासून तिने ‘च’चे भाषांतर असेच केले होते आणि कुणी लाल शाई लावली नव्हती.

रविवारी मिरजेहून आप्पांची धाकटी बहीण आली. तिने तीस वर्षांहून अधिक काळ हायस्कुलात इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर मंदिरातल्या स्वाध्याय वर्गात तिचे जाणे नेमाने असते. घरातली पोरे तिला आत्याआजी म्हणतात आणि तिच्यापुढे इंग्रजी बोलायचे टाळतात. तिने पत्र वाचले, चष्मा काढला आणि जुन्या कॅलेंडरचे एक पान मागवले. पानाच्या कोऱ्या बाजूवर तिने एक वाक्य लिहिले : ‘माय सन पेड द हमाल फाइव्ह हंड्रेड रुपीज यस्टर्डे.’ माझ्या मुलाने हमालाला काल पाचशे रुपये दिले.

“आता यात ‘ओन्ली’ एकेका जागी ठेवत जा आणि काय होतं ते सांग,” ती नातीला म्हणाली.

अगदी आरंभी ठेवला, ‘ओन्ली माय सन’, तर पैसे फक्त माझ्या मुलाने दिले, भागीदाराने दिले नाहीत. एक घर पुढे सरकवला, ‘माय ओन्ली सन’, तर तो माझा एकुलता एक मुलगा झाला. इथे तो क्रियाविशेषणही उरत नाही, विशेषण बनतो. आप्पांना दोन मुलगे. ते खाली मान घालून ऐकत होते तरी त्यांना हसू आले. “धाकट्याला घरातून काढलंस की,” ते म्हणाले. क्रियापदाच्या आधी ठेवला, ‘ओन्ली पेड’, तर लेखी वाक्याचा कडक अर्थ असा की त्याने पैसे देण्यापलीकडे काही केले नाही, पावती घेतली नाही की गोण्या मोजल्या नाहीत. ‘ओन्ली द हमाल’ म्हटले तर पैसे हमालालाच मिळाले, टेंपोवाल्याचे राहिले. ‘ओन्ली फाइव्ह हंड्रेड’ म्हटले तर ठरलेल्यापेक्षा कमी दिल्याची कुरबुर त्यात ऐकू येते. आणि ‘ओन्ली यस्टर्डे’ म्हणजे अगदी कालपरवाची गोष्ट, फार दिवस झाले नाहीत.

एक शब्द, सहा जागा, सहा निरनिराळे जबाब. आत्याने पानाखाली एकच सूचना लिहिली : ज्या शब्दाला मर्यादा घालायची, त्याच्या अगदी लगत, शक्यतो त्याच्या आधी, ‘ओन्ली’ बसवावा.

हा नियम इंग्रज स्वतः बोलताना पाळत नाहीत, हेही तिने सांगून टाकले. बोलण्यात ते ‘ओन्ली’ बहुधा क्रियापदाच्या आधी टाकून मोकळे होतात आणि ज्या शब्दावर रोख आहे तो आवाजाने उचलतात. ‘आय ओन्ली हॅव टू बॅग्ज’ असे म्हणताना ‘टू’वर जोर दिला की ऐकणाऱ्याला कळते, दोनच गोण्या आहेत. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या नैसर्गिक जागेची बाजूच घेतली आणि जिथे घोटाळा होण्याचा संभव नाही तिथेही ‘ओन्ली’ उचलून हलवणाऱ्या पंडितांना टोकले. फाउलर बरोबरच होते. पण पेढीच्या पत्राला आवाज नसतो. आप्पांनी डोळे मिटून ‘तुम्हालाच’ हा शब्द ज्या मायेने उच्चारला, ती माया तारेतून गेली नाही. गेले ते तीन शब्द. लेखी व्यवहारात म्हणूनच शब्दाची जागा हाच त्याचा आवाज.

आपल्याकडच्या ‘ओन्ली’ची गोष्ट आणखी वेगळी आहे. मराठीत मर्यादा सांगायला ‘फक्त’ आणि ‘केवळ’ आहेत, आणि जोडीला ‘च’ आहे. व्याकरणात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, कारण तो शब्दाला जोडला तरी शब्दाचे रूप बदलत नाही. हा ‘च’ तीन-चार कामे करतो. ‘दोनच गोण्या’ यात तो मर्यादा घालतो. ‘कालच आला’ यात नुकतेपण सांगतो. ‘उद्याच पाठवतो’ यात तो निव्वळ भरवसा देतो. परवा पाठवणार नाही अशी काही त्याची प्रतिज्ञा नसते. हिंदीतला ‘ही’ असाच. सांगली-बेळगावकडच्या ज्या घरांत कानडीही बोलली जाते, तिथे ‘नाळे’ म्हणजे उद्या आणि ‘नाळेये’ म्हणजे उद्याच. तो शेवटचा ‘ए’ही याच जातीचा. या सगळ्या भाषांत जोर देणारे अक्षर शब्दाच्या मागे चिकटते. इंग्रजी बोलताना आपण त्या अक्षराच्या जागी ‘ओन्ली’ चिकटवतो, आणि तोही मागेच. ‘टुमारो ओन्ली’ तिथून जन्माला आले. भारतात ते चुकीचे वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनातही ‘च’ असतो. इंग्रज माणसाच्या मनात तो नसतो. त्याच्या भाषेत ‘ओन्ली’ हा शब्दच मुळी ‘एक’पासून निघाला आहे; जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘एकासारखा’, एकटा, असा होता. त्याला ‘टुमारो ओन्ली’ म्हटले तर तो समजतो, उद्या एकच दिवस, नंतर नाही. ‘उद्याच’मधला भरवसा सांगायचा असेल तर त्याच्या भाषेत ‘डेफिनेटली टुमारो’ म्हणावे, ‘टुमारो इटसेल्फ’ही आपलेच; आणि ‘इथेच’ म्हणायचे तर ‘राइट हिअर’.

हे ऐकून नात म्हणाली, “म्हणजे ‘तुम्हालाच’साठी मी वेगळा शब्द वापरायला हवा होता.”

आत्या क्षणभर थांबली. मग ती नातीकडे न पाहता भावाकडे पाहून म्हणाली, “नाही बाळ. तुझं भाषांतर बरोबर आहे. चूक मराठीतच झालीय. आप्पा, तुला काय म्हणायचं होतं? हा माल तुम्हाला मिळणार, त्यात खंड पडणार नाही, असंच ना? मग ‘तुम्हाला देऊच’ म्हणायचं. तू ‘तुम्हालाच देऊ’ म्हणालास. तुझा ‘च’ एक शब्द आधी पडला.”

ओसरीवर कुणी काही बोलले नाही. नातीच्या डोळ्यांत आठवडाभर साठलेले पाणी आता वाहिले, आणि आप्पांनी ते पाहिले.

स्वाध्यायाला बसणाऱ्या वाचकाला इथे काही आठवेल. संस्कृतातला ‘एव’ म्हणजे आपला ‘च’, इंग्रजांचा ‘ओन्ली’. तो वाक्यात कुठे बसला की काय वगळतो, याचा जेवढा बारीक विचार भारतीय तर्कशास्त्राने केला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. विमलदासांच्या ‘सप्तभंगीतरंगिणी’त त्याचे तीन प्रकार उदाहरणांनी दाखवले आहेत. शंख पांढराच असतो, असे म्हटले की शंखाला पांढरेपणा नसण्याची शक्यता जाते, हा अयोगव्यवच्छेद. पार्थच धनुर्धर, असे म्हटले की इतरांचे धनुर्धरत्व जाते; हा अन्ययोगव्यवच्छेद. कमळ निळे असतेच, असे म्हटले की निळे कमळ मुळी नसतेच हा पक्ष जातो, मात्र सगळी कमळे निळी ठरत नाहीत, हा अत्यंतायोगव्यवच्छेद. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी रचलेल्या दोन बत्तिशींची नावेच ‘अयोगव्यवच्छेदिका’ आणि ‘अन्ययोगव्यवच्छेदिका’ अशी आहेत; दुसरीवरची मल्लिषेणांची टीका म्हणजे प्रसिद्ध ‘स्याद्वादमंजरी’. मंदिरात रोज कानावर पडणाऱ्या या जड शब्दांच्या आत एक साधे अव्यय बसले आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आप्पांच्या मनात होता तो पहिला प्रकार : न देण्याची शक्यता नाही. कागदावर उतरला तो दुसरा : दुसऱ्या कुणाला देणे नाही.

“मग ‘च’ बोलूच नये की काय?” मुलाने जरा वैतागून विचारले. “अनेकांतात ‘च’ वाईट, ‘सुद्धा’ चांगला, असं प्रवचनात सांगतात.”

आत्याला हे लहान मुलांना सांगायचे सुटसुटीत रूप फारसे पसंत नाही. हेमचंद्रांनी ‘आहेच’ अशा बेलगाम विधानाला दुर्नय म्हटले, हे खरे. पण सप्तभंगीचे पहिले वाक्य सविस्तर मांडताना आचार्य ‘स्यात्’ आणि ‘एव’ दोन्ही घालतात. अमुक अपेक्षेने आहे, आणि त्या अपेक्षेने आहेच. म्हणजे ‘च’ला बंदी नाही. तो कशापुरता, हे आधी सांगितले पाहिजे. “तू लिहिलंस ‘धिस क्वालिटी’,” ती नातीला म्हणाली. “कुठला ढीग? किती गोण्या? कुठल्या हंगामापर्यंत? कुठल्या देशात? एकही अपेक्षा सांगितली नाहीस आणि शेवटी ‘ओन्ली’ ठोकून दिलास. त्या माणसाने त्याला सोयीच्या अपेक्षा भरून घेतल्या. कुणीही भरल्या असत्या.”

कॅलेंडरचे पान त्या दुपारी पुढेमागे भरले. आत्याने आणखी काही वाक्ये नातीकडून करून घेतली, कारण पेढीच्या पत्रांत ती हमखास चुकतात. ‘ओन्ली’ने वाक्य सुरू झाले आणि त्यामागे काळाचा किंवा अटीचा तुकडा आला, तर पुढच्या मुख्य वाक्यातला क्रम उलटतो : ‘ओन्ली आफ्टर पेमेंट वुई लोडेड द गुड्ज’ नव्हे, ‘ओन्ली आफ्टर पेमेंट डिड वुई लोड द गुड्ज’. हा उलटा क्रम जमत नसेल तर ‘ओन्ली’ मधे आणावा, ‘वुई लोडेड द गुड्ज ओन्ली आफ्टर पेमेंट’. काम तेवढेच होते आणि भीतीही राहत नाही. ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ ही जोडी एकाच जातीच्या शब्दांपुढे ठेवावी. ‘वुई नॉट ओन्ली सेल टर्मरिक बट ऑल्सो जॅगरी’ यात एक पाय ‘विकतो’वर आणि दुसरा गुळावर पडतो, ‘वुई सेल नॉट ओन्ली टर्मरिक बट ऑल्सो जॅगरी’ म्हटले की तराजू सरळ. आणि ‘ओन्ली इफ’ व ‘इफ ओन्ली’ यांची अदलाबदल तर कदापि होऊ देऊ नये. पहिली अट आहे : पैसे आले तरच माल. दुसरा उसासा आहे : पैसे आले असते तर किती बरे झाले असते! वसुलीच्या पत्रात हा उसासा गेला, तर वसुली होईलच असे नाही.

आप्पा मात्र ‘इफ ओन्ली’पाशी थांबलेच नाहीत. ते उठून टेलिफोनपाशी गेले.

खरी अडचण व्याकरणाची नव्हतीच. मुंबईच्या व्यापाऱ्याला दोन कंटेनरचा शब्द दिलेला होता आणि त्यातला दुसरा अजून गोदामात होता. तो पाठवावा तर इंग्लंडला दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडतो. अडवावा तर मुंबईला दिलेला मोडतो. पहिला शब्द चुकून दिला गेला, दुसरा समजून उमजून दिला. मुलाच्या मते त्यामुळे दुसऱ्याचे वजन जास्त. आप्पांच्या मते चुकून दिलेला शब्दही ज्याने घेतला त्याच्यासाठी खराच असतो; त्याने तर तो पैशाइतका खरा मानून पुढे चालवला होता. या दोन मतांत मुलाचे मत कच्चे होते असे म्हणता येणार नाही. व्यवहार चालतो तो बहुधा त्याच मतावर.

मुंबईच्या व्यापाऱ्यापासून आप्पांनी काही लपवले नाही. त्यांनी त्याला सगळे सांगितले, ‘च’सकट, आणि विचारले की दुसरा कंटेनर इंग्लंड सोडून दुसऱ्या देशात जाऊ शकेल का. तो म्हणाला, जाऊ शकेल, पण तिकडे भाव कमी बसेल. “तो फरक माझा,” आप्पा म्हणाले. तो फरक किती होता हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. मुलगा त्यानंतर चार-सहा दिवस कामापुरतेच बोलला, यावरून अंदाज करावा.

मग इंग्लंडचे पत्र. या वेळी आप्पांनी डोळे मिटले नाहीत. ते नातीच्या शेजारी खुर्ची ओढून पडद्याकडे पाहत बसले. पत्रात लिहिले ते असे : आमच्या मनात काय होते, कागदावर काय उतरले आणि तुम्ही काय समजलात, या तीन निराळ्या गोष्टी झाल्या. तुम्ही जे समजलात तेच आमच्या शब्दांतून निघते. एक कंटेनर गेला तो परत आणता येत नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. दुसरा तुमच्या देशात येणार नाही.

तिथले उत्तर दुसऱ्या दिवशी आले. खरेदीदाराने आभार मानले होते आणि एक कबुलीही दिली होती. भारतातल्या पुरवठादारांकडून ‘टुमारो ओन्ली’ त्याने फोनवर पुष्कळदा ऐकले होते आणि उद्या माल निघाला नाही की तो मनातल्या मनात त्यांना लबाड ठरवत आला होता; ‘टू यू ओन्ली’ वाचले तेव्हा तरी आपण विचारून घ्यायला हवे होते, असे त्याने लिहिले. कायमचा हक्क मला नको, चालू हंगामापुरते पुरे, आणि तेवढे नीट लिहून पाठवा, अशी त्याची मागणी होती.

नातीने मसुदा केला. आप्पांनी तो मराठीत वाचून घेतला : या नमुन्याच्या प्रतीची हळकुंडे ३१ ऑक्टोबरपर्यंत तुमच्या देशातल्या दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला आम्ही थेट किंवा मध्यस्थामार्फत विकणार नाही.

“यात ‘ओन्ली’ कुठाय?” आप्पांनी विचारले.

“नाही घातला. तारीख घातली, देश घातला, प्रत घातली. मग त्याला जागाच उरली नाही.”

आप्पांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावले आणि मान हलवली. पत्र गेले. तेवढ्यात दिवाणजी मुंबईच्या फरकाचा चेक लिहायला पुस्तक घेऊन आले. आप्पांनी ते नातीपुढे सरकवले. तिने नाव घातले, आकडे घातले, अक्षरी रक्कम लिहिली आणि अडखळून वर पाहिले.

“तिथं राहू दे,” आप्पा म्हणाले.

तिने ‘फक्त’ लिहिले, पुढच्या मोकळ्या जागेत सवयीने आडवी रेघ ओढली आणि चेक सहीसाठी त्यांच्याकडे फिरवला.